पॉम्पेई बघायला एक दिवस पुरेल का?

प्रश्न : ऑक्टोबरमधे आम्ही चौघं इटलीला चाललोय, मी, बायको आणि आई-बाबा (दोघंही सत्तरीचे). रोममधे ४ दिवस आहेत, कोलोसियम, फोरम, पँथिऑन सगळं धरलंय. त्यातला एक दिवस पॉम्पेईला जाऊन-येऊन करावा का? भाऊ म्हणतो पडक्या भिंती बघायला एवढं लांब कशाला जायचं. – एक वाचक, नाशिक

उत्तर : जाच. फक्त रोमहून सकाळी जाऊन रात्री परत असं करू नका, आई-बाबांची दमछाक होईल आणि निम्मा दिवस गाडीतच जाईल. रोमचा एक दिवस कमी करा आणि नेपल्सला २ रात्री राहा. फास्ट ट्रेनने रोम-नेपल्स साधारण सव्वा तास, मग तिथून लोकलने पाऊण तासाच्या आत पॉम्पेई. उतरायचं 'पॉम्पेई स्काव्ही' स्टेशनला, गेट समोरच आहे. लोकलला गर्दी असते, पाकीट-पासपोर्ट पुढच्या खिशात ठेवा. तिकीट आधीच ऑनलाइन काढा कारण आता दिवसाला २०,००० लोकांनाच आत सोडतात आणि तिकिटावर नाव असतं.

भावाला सांगा, रोममधे देवळं आणि राजवाडे दिसतात, पॉम्पेई हे राखेखाली गाडलं गेलेलं रोमन शहर, तिथे गल्ली दिसते. रस्त्याच्या मधोमध मोठे उंच दगड टाकलेत, खालून सांडपाणी वाहायचं म्हणून लोक त्यावरून पाय न भिजवता पलीकडे जायचे आणि दगडांमधल्या फटीतून गाडीची चाकं. आपण बोलताना 'चाकोरी' म्हणतो ना, ती इथे फरसबंदीत खोलवर झिजलेली दिसते, खाली वाकून बोट घालून बघा. पुढे कोपऱ्यावर खानावळ, ओट्यात मातीचे रांजण गळ्यापर्यंत बसवलेले. बेकरीत माणसाच्या छातीएवढी दगडी जाती, आणि एका बेकरीच्या भट्टीत तर ८१ पाव कोळसा होऊन तसेच राहिले होते. मला विचाराल तर सगळं शहर पालथं घालू नका (६६ हेक्टर आहे, त्यातला तिसरा हिस्सा अजून खणलाच नाहीये), व्हिया देल्ल'अबोन्दान्झा हा एकच रस्ता सावकाश चाला. आई-बाबांना ओबडधोबड दगडांवर चालणं जड जाईल, त्यांच्यासाठी अँफिथिएटरच्या बाजूच्या गेटपासून (स्टेशनसमोरचं गेट नव्हे) सपाट केलेला मार्ग आहे, तिथूनच आत शिरा.

प्रश्न : तिथली माणसं खरंच दगडाची झाली का? – त्याच वाचकाकडून

उत्तर : नाही हो. इ.स. ७९ मधे व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला, माणसं राखेखाली गाडली गेली, राख घट्ट झाली आणि आतलं शरीर कुजून तिथे माणसाच्या आकाराची पोकळी उरली. १८६३ मधे पुरातत्त्वज्ञ फिओरेल्ली यांनी त्या पोकळीत पातळ प्लास्टर ओतायला सुरुवात केली, आपण बघतो ते हे ठसे. हाडं मात्र बऱ्याच ठशांत खरी आहेत, तेव्हा तिथे जरा शांतपणे उभं राहा, सेल्फी नको. तुम्ही ऑक्टोबरमधे चाललाय म्हणून सांगतो, पूर्वी उद्रेकाची तारीख २४ ऑगस्ट धरायचे, पण २०१८ मधे एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली ओळ मिळाली, तारीख १७ ऑक्टोबरची, आणि कोळशाचं लिखाण फार दिवस टिकत नाही, म्हणून आता बरेच अभ्यासक ऑक्टोबरची अखेर मानतात.

आणि दुसऱ्या दिवशी नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय चुकवू नका (मंगळवारी बंद असतं). पॉम्पेईतली चांगली चित्रं, भांडी, मोझेक सगळं तिथे नेलंय. पण मी पाठवतोय ते एका वीतभर उंचीच्या हस्तिदंती बाईसाठी. १९३८ मधे पॉम्पेईच्या एका घरात सापडली, 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणतात, कुणी यक्षी म्हणतं. दोन्ही हातांत कोपरापर्यंत बांगड्या, पायात जाड वाळे, पाठीवर लांब वेणी, दोन बाजूला दोन छोट्या दासी. तशाच घडणीच्या हस्तिदंती बाया आपल्याकडे तेर आणि भोकरदनला मिळाल्यात, त्यामुळे ही दख्खनमधूनच गेली असं बऱ्याच जणांना वाटतं. तेर म्हणजे तेव्हाचं तगर, तिथला माल बैलगाड्यांनी भडोचला जायचा आणि तिथून जहाजाने पश्चिमेला. भारताच्या मालापायी दरसाल ५ कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) रोमबाहेर जातात अशी तक्रार रोमन लेखक थोरल्या प्लिनीने लिहून ठेवलीय, आणि तो प्लिनी याच उद्रेकात गेला.

मूर्ती संग्रहालयाच्या 'गुप्त दालना'त असते, तिथे रोमन काळातली शृंगारिक चित्रं-शिल्पंही आहेत, आई-बाबांना आधी सांगून ठेवा. परत आल्यावर एखाद्या रविवारी धाराशिव जिल्ह्यात तेरला जाऊन लामतुरे संग्रहालय बघा, सातवाहन काळातल्या वस्तू आहेत. आधी जाऊन आलात तर आणखी चांगलं, नेपल्सला काचेसमोर उभं राहिल्यावर आई-बाबांना ती बाई लगेच ओळखीची वाटेल.