नांदेडची हल्लाबोल मिरवणूक काय असते आणि २०२१ मध्ये तिथे नेमकं काय बिनसलं?

२०२१ मध्ये होळीच्या मिरवणुकीत पोलिसांवर तलवारी उगारल्या गेल्या, तो व्हिडिओ पाहून तुम्ही विचारताय. मी नांदेडचा, लहानपणापासून ही मिरवणूक बघत आलोय, म्हणून आधी मिरवणुकीबद्दल सांगतो.

होळीच्या दुसऱ्या दिवशी होला महल्ला हा शिखांचा सण साजरा करायची प्रथा गुरू गोविंदसिंगजींनी पंजाबातल्या आनंदपूरला घालून दिली. १७०८ मध्ये त्यांनी गोदाकाठी नांदेडलाच देह ठेवला. तिथला सचखंड गुरुद्वारा, म्हणजेच हजूरसाहिब, महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ दरम्यान बांधवून घेतला. त्याच काळात निजामाकडे लाहोरी फौज, म्हणजे पंजाबातून आलेली शीख फौज, आली आणि तिच्यातले बरेच शीख दक्षिणेतच राहिले. त्यामुळे इथल्या दख्खनी शिखांना 'बाहेरचे' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. पिढ्यानपिढ्या ही माणसं मराठवाड्यातच राहिली आहेत.

मिरवणूक दसरा, दिवाळी आणि होळी अशी तिन्ही वेळा निघते. निशाणसाहिब (शिखांचा पवित्र ध्वज), पंचप्यारे (मानाचे पाच शीख), कीर्तनाचे जथे आणि गुरूंचे सजवलेले घोडे. त्या घोड्यांवर कुणीही स्वार होत नाही, लोक फक्त हात लावून नमस्कार करतात. हल्लाबोल चौकात अरदास (प्रार्थना) होते, 'बोले सो निहाल'चा जयकारा घुमतो आणि क्षणात सगळे तलवारी उपसून धावत सुटतात. म्हातारेसुद्धा! कडेला उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर काटा येतो.

आता वादाचं. २०२० मध्ये हजूरसाहिबला अडकलेले यात्रेकरू पंजाबात परतले, त्यातले बरेच कोरोनाबाधित निघाले आणि नांदेडवर बोटं रोखली गेली. ती जखम ताजीच होती. त्या वर्षी दसऱ्याच्या मिरवणुकीसाठी गुरुद्वारा बोर्ड कोर्टात गेलं आणि हायकोर्टाने मोजक्या माणसांसह परवानगी दिली. २९ मार्च २०२१ ला मात्र जिल्ह्यात लॉकडाऊन होता. कार्यक्रम आवारातच करू, असं गुरुद्वारा समितीने कळवलं होतं, असं पोलिसांनी नंतर सांगितलं. दुपारी चारच्या सुमारास निशाणसाहिब गुरुद्वाराच्या गेटपाशी आलं, वादावादी झाली आणि तीनशेहून जास्त तरुण बॅरिकेड तोडून बाहेर पडले. पोलीस जखमी झाले, गाड्या फुटल्या.

पोलिसांवर शस्त्र उचललं याचं समर्थन होऊच शकत नाही. ज्या तलवारीला लोक हात जोडतात, ती ड्युटीवरच्या शिपायावर उगारणं हा गुरूंचाही अपमान आहे. पण दसऱ्याला मोजक्या माणसांचा तोडगा निघाला होता, तसा होळीलाही काढायला हवा होता, असं मला आजही वाटतं. वर बसलेल्यांमध्ये ठरलेली गोष्ट गेटवरच्या पोराला पटलेली नसेल, तर ती ऐनवेळी पाळली जात नाही.

निर्बंध उठल्यावर मिरवणूक पुन्हा रस्त्यावर आली. बघायची असेल तर होळीच्या दुसऱ्या दिवशी दुपारीच पोहोचा, डोकं रुमालाने झाका आणि रस्त्याच्या मधे थांबू नका. हल्ला सुटला की बाजूला व्हायला वेळ मिळत नाही.