डीव्हीटीचे तीन महिने संपल्यावर

प्रिय डॉक्टर,

उपचारांचे तीन महिने झाले की डीव्हीटीच्या (पायाच्या खोल शिरेतल्या गुठळीच्या) फाइलवर ‘ट्रीटमेंट कंप्लीट’ असा शेरा पडतो आणि पेशंट आपल्या हातून सुटतो. रक्त पातळ करणारी गोळी गुठळी वाढू देत नाही एवढंच. ती विरघळवायचं काम शरीराचं. ते अर्धवट राहिलं तर शिरेत व्रण उरतो, झडपा निकामी होतात आणि उभं राहिलं की रक्त खाली साचतं. हाच पोस्ट-थ्रॉम्बॉटिक सिंड्रोम. मांडीच्या किंवा कमरेच्या शिरेत गुठळी झालेल्यांपैकी २० ते ५० टक्के लोकांना तो दोन वर्षांत होतो, ५ ते १० टक्क्यांना गंभीर.

पेशंट हे नाव घेऊन येत नाही. तो म्हणतो, “संध्याकाळी पाय भरून येतो, जड वाटतो.” सकाळी नऊच्या ओपीडीत ती सूज दिसतही नाही, म्हणून जमेल तेव्हा दुपारनंतर बोलाव. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंमी खाली दोन्ही पोटऱ्यांना टेप लाव आणि आकडा लिहून ठेव. ‘थोडी सूज’ या शब्दांचा पुढच्या वेळी काही उपयोग नसतो. मग व्हिलाल्टा स्कोअर (लक्षणांना गुण देऊन केलेली बेरीज) कर: वेदना, पेटके, जडपणा, मुंग्या, खाज, आणि तपासताना नडगीवरची सूज, कातडी घट्ट होणं, काळपटपणा, लाली, फुगलेल्या शिरा, पोटरी दाबल्यावर दुखणं. प्रत्येकाला ० ते ३. बेरीज ५ झाली की सिंड्रोम आहे. १५ झाली किंवा पायावर जखम असली तर गंभीर. तीन महिन्यांच्या आत हे करू नकोस, ताज्या गुठळीची सूजच मोजली जाते. सावळ्या कातडीवर लाली आणि काळपटपणा सहज निसटतो. घोट्याची आतली बाजू उजेडात बघ, दुसऱ्या पायाशी ताडून.

स्टॉकिंग्ज (पाय आवळून धरणारे मोजे) सरसकट लिहायची सवय सोड. २०१४च्या सॉक्स ट्रायलमध्ये ८०० हून अधिक पेशंट होते. दोन वर्षं ३०-४० मिमी पारा दाबाचे मोजे घालूनही सिंड्रोम टळला नाही. ज्याचा पाय सुजतो त्याला मात्र आराम पडतो, त्याला जरूर दे. आधी पावलाची नाडी बघ. मधुमेही किंवा धूम्रपान करणारा असेल तर एबीपीआय (घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचं गुणोत्तर) केल्याशिवाय नको. मोज्यासाठी माप सकाळी, सूज नसताना घ्यायचं, आणि मोजा अंथरुणातून उठण्याआधी चढवायचा. मे महिन्यात तो कपाटात जातो, हे गृहीत धरूनच प्रश्न विचार.

कॅथेटरने (शिरेत नळी घालून) गुठळी काढली तर पाय वाचेल का, हे नातेवाईक हमखास विचारतात. २०१७च्या अट्रॅक्ट ट्रायलमध्ये सिंड्रोमचं प्रमाण कॅथेटर वापरलेल्यांत ४७ आणि नुसत्या गोळीवर ठेवलेल्यांत ४८ टक्के आलं, रक्तस्राव मात्र वाढला. मांडीच्या वर, कमरेच्या शिरेतली ताजी गुठळी आणि तरुण पेशंट असेल तर चर्चा करावी. बाकीच्यांना उगाच आशा लावू नये.

खरा फरक पडतो तो सुरुवातीच्या महिन्यांत गोळी नीट लागू पडली की नाही यावर. वॉरफरिन या जुन्या गोळीवर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) सारखा २च्या खाली राहिला तर पुढे पाय बिघडण्याची शक्यता वाढते. रिव्हरोक्सॅबॅन या नव्या गोळीचा १५ किंवा २० मिग्रॅचा डोस भरल्या पोटीच पूर्ण शोषला जातो. उपास करणाऱ्यांना स्पष्ट सांग, साबुदाण्याची खिचडी खाल्ल्यावर घ्या. आणि टीबीची औषधं चालू आहेत का, हे न विसरता विचार, कारण त्यातलं रिफाम्पिसिन या नव्या गोळ्यांची रक्तातली पातळी पाडतं.

थांबवायचं कधी? ऑपरेशननंतरची गुठळी असेल तर तीन महिन्यांनी थांबव. कारण सापडलं नसेल आणि गोळी बंद केली, तर पहिल्या वर्षात साधारण १० टक्क्यांना, पाच वर्षांत २५ टक्क्यांना पुन्हा गुठळी होते. ती त्याच पायात झाली तर सिंड्रोमचा धोका कैक पटींनी वाढतो. रक्तस्रावाचा धोका कमी असलेल्यांना सहा महिन्यांनंतर ॲपिक्सॅबॅन २.५ मिग्रॅ दोनदा किंवा रिव्हरोक्सॅबॅन १० मिग्रॅ एकदा चालू ठेवता येतं. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोममध्ये (शरीराच्या स्वतःच्याच प्रतिपिंडांमुळे गुठळ्या होणाऱ्या आजारात) मात्र वॉरफरिनच.

गोळी बंद करताना एक डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) करून ठेव, कुठली शीर अजून यंत्राने दाबल्यावर दबत नाही आणि तिचा व्यास किती, हे लिहून. वर्षभराने पाय दुखला की जुनी गुठळी आणि नवी यांतला फरक त्या कागदावरूनच कळतो. व्यास ४ मिमीहून जास्त वाढला असेल तर नवी समजावी.

फुप्फुसात गुठळी गेलेल्याला तीन महिने नीट उपचार होऊनही जिना चढताना दम लागत असेल तर इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि व्ही/क्यू स्कॅन (फुप्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतं ते दाखवणारी तपासणी) कर; जुनी गुठळी तिथेच अडकून राहिलेली असू शकते. सीटी स्वच्छ आला म्हणून तिथे थांबू नकोस.