विचारा बिनधास्त : जावयांच्या टीमचा चिलर

प्रश्न : काका, माझी लेक आणि जावई अमेरिकेत मिशिगनला, अ‍ॅन आर्बरमध्ये असतात. मागच्या खेपेला जावयांनी वाइनची बाटली ठेवायचा स्टीलचा चिलर आणला. गडद निळा, त्यावर त्यांच्या कॉलेजचा पिवळाधमक ‘एम’. नोव्हेंबरअखेर दोघं येतायत आणि कॉलेजची अमेरिकन फुटबॉलची मॅच रात्री आमच्याकडे बघणार म्हणतात. मी कपाटातली बाटली त्यात तासभर ठेवून पाहिली, जराही गार झाली नाही. बिघडलाय का? की आत बर्फ घालायचा असतो? – एक वाचक, दादर

उत्तर : ताई, चिलर ठणठणीत आहे. तो बाटली गार करत नाही, गार केलेली गार ठेवतो. थर्मास कधी चहा उकळतो का? तसंच हे. स्टीलच्या दोन भिंतींमधली हवा काढून घेतलेली असते, त्यामुळे बाहेरची उष्णता आत शिरायची वाट जवळजवळ बंद. जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञाने १८९२ साली काढलेली ही युक्ती.

म्हणजे खरं काम आधी फ्रिजने करायचं. बाटली तीन तास तरी आत हवी. पाहुणे दारात आणि बाटली गरम, असं झालं तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर जाडं मीठ घाला, बाटली मानेपर्यंत बुडवा, वीसेक मिनिटांत काम होतं. नुसता बर्फ घालू नका. खड्यांमध्ये हवा राहते, काचेला गारवा नीट लागतच नाही. कुलाब्याच्या हॉटेलात बार सांभाळायचो तेव्हा नव्या पोरांना आधी हेच शिकवायचो.

बाटली बाहेर काढली की आपल्या हवेत तिला लगेच घाम फुटतो. फडक्याने खडखडीत कोरडी करा, मगच चिलरमध्ये सोडा. नाहीतर तळाला पाणी साचतं, लेबल लगदा होऊन चिकटतं आणि दोन दिवसांनी आत कुबट वास येतो. चिलरमध्ये बर्फ अजिबात नको. आणि बाटली सरळ खांद्याची, साधी ७५० मिलीची घ्या. फसफसणाऱ्या वाइनची बाटली बुडाशी रुंद असते, ती बहुतेक अडकेल. ठोकून बसवू नका.

व्हाइट ८ ते १० अंशांवर छान लागते. रेड गार करायची नसते असं सांगणारे भेटतील, पण ते युरोपातल्या थंड घरांचं गणित. रेडला १५ ते १८ अंश पुरतात आणि दादरच्या हॉलमध्ये नोव्हेंबरातही त्याहून बरंच गरम असतं. तेव्हा रेडसुद्धा अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवून मग चिलरमध्ये घाला. नाशिकच्या बऱ्याच वाइनना फिरकीचं झाकण असतं, ओपनर शोधत बसावं लागत नाही.

आता मॅच. तिथे हे प्रकरण आपल्या क्रिकेटच्या वरताण आहे. मिशिगनच्या कॉलेजच्या स्टेडियममध्ये १,०७,६०१ माणसं बसतात. तीन वानखेडे भरूनही लोक उरतील. मॅचआधी पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्या उघडून खाणंपिणं चालतं, असले टीमच्या रंगातले चिलर तिथे मिरवायचे. नोव्हेंबरअखेर म्हणताय म्हणजे ओहायो स्टेट या कट्टर प्रतिस्पर्धी कॉलेजविरुद्धचीच मॅच असणार. ती सहसा तिथल्या दुपारी बाराला सुरू होते, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा, आणि चांगली तीन-साडेतीन तास चालते. एक बाटली चिलरमध्ये, दुसरी फ्रिजमध्येच राहू द्या. न पिणाऱ्यांसाठी रिकाम्या बाटलीत सोलकढी भरून गार करा. वाइन संपली की तीच चिलरमध्ये.

एक मात्र सांभाळा. ओहायो स्टेटचा रंग लाल. त्या रात्री जावयांसमोर लाल साडी नको.