'प्रोपगंडा': प्रचार, अपप्रचार की चिथावणी?

रवांडातल्या 1994 च्या नरसंहारावरच्या लेखाचं भाषांतर करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे: तिथल्या आरटीएलएम रेडिओच्या 'प्रोपगंडा'ला प्रचार म्हणावं की अपप्रचार?

माझ्या मते दोन्ही अपुरे पडतात. मराठीत 'प्रचार' हा निर्मळ शब्द आहे. निवडणुकीचा प्रचार असतो, तसाच खादीचाही. 'अपप्रचार' म्हटलं की खोटेपणा आलाच. पण अतिरेकी नेहमी खोटंच दाखवतात असं नाही. इस्लामिक स्टेटने 2014 मध्ये ओलिसांच्या शिरच्छेदाचे व्हिडिओ इंटरनेटवर टाकले, त्या हत्या खऱ्याच होत्या. त्यांना 'अपप्रचार' म्हटलं तर तसं घडलंच नाही असा भास होतो. तिथे 'प्रचार व्हिडिओ' किंवा 'दहशतीचे व्हिडिओ' हेच बरं.

आता तुमचा रेडिओ. रवांडातल्या बहुसंख्य हुतू समाजातल्या अतिरेक्यांचं हे केंद्र जुलै 1993 मध्ये सुरू झालं. गाणी, गप्पा, थट्टामस्करी, त्यामुळे तरुण कान लावून ऐकायचे. त्यातच अल्पसंख्य तुत्सींना, म्हणजे ज्यांचा नरसंहार झाला त्या समाजाला, 'इन्येन्झी', म्हणजे झुरळं, म्हटलं जाई. 1960 च्या दशकात हे नाव तुत्सी बंडखोरांपुरतं होतं. रेडिओने ते शेजारीपाजारी राहणाऱ्या साध्या माणसांनाही चिकटवलं. इथवर 'विद्वेषी प्रचार' चालेल. एप्रिल 1994 मध्ये नरसंहार सुरू झाल्यापासून मात्र माणसांची नावं, लपण्याच्या जागा, गाड्यांचे नंबर हवेवरून वाचले जाऊ लागले. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: चिथावणी. खटलाही त्याच कलमाखाली चालला. नरसंहाराची थेट आणि जाहीर चिथावणी दिल्याबद्दल रेडिओचे एक संस्थापक फर्डिनांड नाहिमाना यांना रवांडासाठी टांझानियातल्या अरुशात बसलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने 2003 मध्ये दोषी ठरवलं आणि 2007 च्या अपिलातही तो दोष कायम राहिला. म्हणून एप्रिलनंतरच्या प्रसारणाला 'प्रचार' म्हणू नका. तो शब्द गुन्हा झाकतो.

आणखी एक, तुम्ही विचारलं नसलं तरी. त्या प्रसारणांत रवांडाच्या किन्यारवांडा भाषेतलं 'गुकोरा' हे क्रियापद भेटेल. त्याचा साधा अर्थ काम करणे. मारेकरी हत्येलाच 'काम' म्हणत आणि रेडिओही तेच म्हणे. त्याचं 'ठार मारा' असं भाषांतर करू नका. 'कामाला लागा' असंच ठेवा आणि अर्थ तळटीपेत द्या. रोजच्या कष्टाच्या शब्दात खून कसा लपवला, हे मराठी वाचकालाही कळायला हवं.