खोक्यावर २५,००० तास, घरात चौदा महिने

प्रश्न : घरासाठी एकाच मॉडेलचे आठ एलईडी बल्ब घेतले. खोक्यावर '९ वॉट, ९०० ल्युमेन, २५,००० तास' असं छापलंय. रोज साधारण सहा तास वापर. चौदा महिन्यांत तीन गेले, तीन मंदावले. दोन अजून सीलबंद आहेत. मोबाइलच्या लक्स ॲपवर उजेड निम्माच दिसतो. दुकानदार म्हणतो, व्होल्टेजमुळे गेले. ॲपच्या आकड्यांवर तक्रार टिकेल का?

उत्तर : त्या आकड्यांवर टिकणार नाही. सीलबंद दोन बल्बांवर टिकू शकेल, म्हणून ते फोडू नका.

ॲप लक्स दाखवतं, म्हणजे एका जागी पडणारा उजेड. अंतर बदललं, भिंत पांढरी असली की आकडा बदलतो. ल्युमेन म्हणजे बल्बमधून चहूबाजूंना निघणारा एकूण प्रकाश; तो प्रयोगशाळेत पोकळ गोलाच्या आत बल्ब लावून मोजतात. समोरचा वकील पहिला घाव इथेच घालेल.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८(२)(सी) नुसार, दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर ग्राहक आयोग नमुना घेऊन सील करतो आणि प्रयोगशाळेकडे पाठवतो. अहवालाला ४५ दिवसांची मुदत असते. तपासणीचं शुल्क आधी तुम्हाला भरावं लागू शकतं. तक्रारीसोबतच या तपासणीचा अर्ज द्या.

ल्युमेन आणि वॉट असे सिद्ध होतील. पण तासांचं काय? ४५ दिवस बल्ब अखंड जळला तरी १,०८० तासच भरतात. इथे कलम २(४७) कामी येतं. पुरेशा चाचणीचा आधार नसताना वस्तूच्या आयुष्याची हमी देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. चाचणी केली होती असा बचाव घेतला, तर ते सिद्ध करण्याचा भार बचाव घेणाऱ्यावर. तेव्हा '२५,००० तासांच्या दाव्याचा चाचणी अहवाल हजर करा' ही मागणी तक्रारीआधी पाठवायच्या नोटिशीतच घाला. तुमचे बल्ब जेमतेम २,५५० तास वापरलेत, हा हिशोबही त्यात मांडा. 'खोक्यावरचा मजकूर म्हणजे जाहिरात नव्हे' असं उत्तर आलं तर घाबरू नका. जाहिरातीच्या व्याख्येत लेबल आणि वेष्टन दोन्ही आहेत.

तुमची कच्ची बाजू वेगळीच असू शकते. गेलेले बल्ब बंद काचेच्या ग्लोबमध्ये होते का? तिथे उष्णता कोंडते आणि ड्रायव्हरमधला, म्हणजे बल्बच्या आत वीज पुरवणाऱ्या सर्किटमधला, कपॅसिटर लवकर सुकतो. खोक्यावर 'बंद फिटिंगमध्ये वापरू नये' असं असेल, तर कंपनी नेमकं तेच दाखवणार. होल्डर उघडे असतील तर फोटो आजच काढा. व्होल्टेजच्या सबबीसाठी खोक्यावरची व्होल्टेजची मर्यादा वाचून ठेवा. गेलेले बल्ब टाकू नका, कुतूहलापोटी खोलूही नका. खोललेल्या बल्बवर 'तुम्हीच बिघडवला' हे ठरलेलं उत्तर येतं.

बल्बचा 'आर-'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर तपासा. तो दुसऱ्याच उत्पादकाच्या नावावर निघाला, तर प्रकरणाचं वजन बरंच वाढेल.

नोटीस दुकानदार आणि उत्पादक दोघांनाही स्पीड पोस्टाने पाठवा, पंधरा दिवस द्या. तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते आणि मोबदला, म्हणजे वस्तूसाठी मोजलेली किंमत, पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. ती पहिला बल्ब गेल्या दिवसापासून धरून चाला. नोटीस पाठवल्याने ती वाढत नाही.