पोच घे

प्रिय मुली,

रविवारी तुझा चहा तसाच निवला. मांडीवरची फाइल घट्ट धरून तू म्हणालीस, "काका, बाबा म्हणतात, गेलेल्या हाताचे पैसे नकोत. मी काय करू?" त्या फाइलमध्ये पेपरातली कात्रणं नीट चिकटवलेली होती, मंत्र्यांच्या घोषणेखाली लाल रेघ होती. अर्जाची पोच एकही नव्हती. रात्रभर मला झोप नाही.

बाबांशी वाद घालू नकोस. स्फोटात त्यांचा उजवा हात गेलाय, बोलू दे त्यांना. पण अर्ज कर. आणि पोच घे.

घोषणा वेगळी, योजना वेगळी. दहशतवादी हल्ल्यात सापडलेल्या सामान्य माणसांना मदत देणारी केंद्राची योजना 2008 पासून आहे. पुण्यात कोरेगाव पार्कात 2010 ला स्फोट झाला तेव्हाही होती. आधी 3 लाख, 2016 मध्ये 5 लाख झाले. अट अशी: मृत्यू, नाहीतर 50 टक्के किंवा जास्त कायमचं अपंगत्व. म्हणून ससून रुग्णालयाच्या दाखल्यावरचा अपंगत्वाचा आकडा आधी बघ. जिल्हाधिकाऱ्यांची समिती अर्ज तपासते. रक्कम तीन वर्षं मुदत ठेवीत राहते, हातात फक्त व्याज येतं. तिच्या भरवशावर फी भरायला जाऊ नकोस. भरपाईचा दुसरा रस्ता शिवाजीनगर कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाचा. आरोपी सापडला नाही, खटला उभा राहिला नाही, तरी तिथे अर्ज करता येतो. "आरोपी सापडू दे" असं कुणी म्हणालं तर मान डोलावून परत येऊ नकोस, ते लेखी माग.

आमच्या ताईचे यजमान गेले तेव्हा एका कार्यालयातले साहेब फार सज्जन भेटले. ताईला खुर्ची दिली, पाणी मागवलं, "मी जातीने बघतो" म्हणाले. अशा माणसाकडे पोच मागायची मला लाज वाटली. मूळ कागद देऊन आलो. दोन महिन्यांत त्यांची बदली झाली आणि आवक नोंदवहीत आमचा अर्जच सापडेना. ताईने पुढची अकरा वर्षं लोकांच्या पोळ्या लाटल्या. साहेब वाईट नव्हते गं, आमच्या हातात कागद नव्हता. तेव्हापासून मी प्रत्येक खिडकीवर पोचेसाठी अडून बसतो. लोक हट्टी म्हणतात. म्हणोत. तो हट्ट मी आधी करायला हवा होता.

सोमवारी दोन प्रती घेऊन जा. मूळ कागद फक्त दाखव. शिक्का, तारीख, आवक क्रमांक, तिन्ही बघितल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. बाबा डाव्या हाताचा अंगठा द्यायला तयार नसतील तर फोन कर. ताईला घेऊन येतो.

तुझा,
काका