पादचाऱ्यांचा दिवा हिरवा असताना वाहने अंगावर का येतात?

पुण्यातल्या चौकांत पादचाऱ्यांचा दिवा हिरवा असतानाही वळणारी वाहने अंगावर का येतात आणि वयस्कर माणूस निम्म्यात पोहोचतो तोच दिवा लाल कसा होतो, असे आपण विचारले आहे. मी कर्वे रस्त्याच्या परिसरात राहतो व बहुतेक कामे पायीच करतो. माझ्या मते दोन्ही तक्रारींचे मूळ सिग्नलच्या वेळांच्या आखणीत आहे. बेशिस्तीचा क्रमांक त्यानंतर लागतो.

पादचाऱ्यांना वाट देण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत चौकातली सगळी वाहने थांबवतात. दुसरीत सरळ जाणाऱ्या वाहनांबरोबरच त्यांना समांतर चालणाऱ्यांनाही हिरवा दिवा मिळतो. दुसऱ्या पद्धतीत वाहनांचा वेळ वाचतो, पण त्याच दिव्यावर वळणारे वाहन नेमके पादचाऱ्यांच्या पट्ट्यांवर येते. म्हणजे तिथला हिरवा दिवा आडवी वाहतूक थांबल्याचे सांगतो, रस्ता मोकळा असल्याचे नव्हे. यावर उपाय म्हणजे पादचाऱ्यांना वाहनांच्या काही सेकंद आधी सोडणे, जेणेकरून वाहन वळेपर्यंत ते पट्ट्यांवर ठळकपणे दिसू लागतात. ‘फ्री लेफ्ट’ असेल तिथे मात्र हा उपायही लंगडा पडतो, कारण त्या वाहनांना लाल दिवा लागतच नाही.

वेळेचा हिशेब सोपा आहे. चालण्याचा वेग साधारणपणे सेकंदाला १.२ मीटर धरतात. त्या वेगाने १८ मीटर रुंद रस्त्याला १५ सेकंद लागतात, तर सेकंदाला ०.९ मीटर चालणाऱ्या आजींना २०. लुकलुकणाऱ्या हिरव्या दिव्याचा अर्थही लक्षात ठेवावा: जे रस्त्यावर उतरले आहेत त्यांनी ओलांडणे पूर्ण करावे, जे पदपथावर आहेत त्यांनी उतरू नये. आपल्याकडे तो दिसताच पदपथावरचे लोक धावत सुटतात, हे वेगळे सांगायला नकोच.

दुचाकी स्टॉपलाइन ओलांडून झेब्रा पट्ट्यांवर उभ्या राहिल्या की पादचाऱ्याला आरशांना कोपर लावत त्यांच्या पुढून, म्हणजे थेट चौकात उतरून जावे लागते. थांबलेल्या पीएमपी बससमोरून जाताना बसच्या कडेशी क्षणभर थांबून पलीकडे डोकवावे. बसचालकाने आपल्याला पाहिलेले असते, तिच्या बाजूने येणाऱ्या दुचाकीस्वाराने नव्हे. हेल्मेटच्या काचेआडचे डोळे दिसत नाहीत, म्हणून मी पुढचे चाक पाहतो: ते वळते आहे की थांबते आहे, हे चटकन कळते. जंगली महाराज आणि फर्ग्युसन रस्ता एकेरी असले तरी दोन्हीकडे पाहावे, कारण उलट्या दिशेने येणारे कमी नाहीत.

तक्रार करायची असेल तर ‘सिग्नल खराब आहे’ एवढे लिहून भागत नाही. चौक, ओलांडण्याची बाजू, दिवसाची वेळ, हिरव्या दिव्याचे मोजलेले सेकंद आणि रस्त्याची अंदाजे रुंदी लिहावी. महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आहे. पत्रात त्याचा उल्लेख अवश्य करावा. पट्टे व पदपथ महापालिकेकडे आणि चौकातील नियमन वाहतूक पोलिसांकडे असल्यामुळे पत्राची एकेक प्रत दोघांनाही द्यावी, म्हणजे एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवण्याची सोय राहत नाही.